नारिंगी राणी आणि टोमॅटोच्या पेट्या: पॅटागोनियातल्या एका बंबलबीचं प्रकरण

दक्षिण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पॅटागोनिया प्रदेशात, अर्जेंटिनातल्या बारिलोचे शहराबाहेर चाल्वाको नावाचं डोंगरी खोरं आहे. हा भाग नहुएल हुआपी राष्ट्रीय उद्यानात येतो. इथे लेंगा झाडांचं जंगल आहे. जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, या झाडांखालची जमीन पिवळ्या-केशरी फुलांनी झाकून जाते. फुलाचं नाव अमांकाय, शास्त्रीय नाव अल्स्ट्रोमेरिया ऑरिया. पुण्या-मुंबईच्या फुलवाल्यांकडे अल्स्ट्रोमेरिया म्हणून जी ठिपक्यांची फुलं गुच्छात बांधून मिळतात, ती हिच्याच नात्यातली संकरित वाणं.

या फुलांसमोर बसायचं आणि त्यांच्यावर कोण येतं ते मोजायचं, हे काम बारिलोचेच्या संशोधकांनी १९९४ पासून जवळपास वीस वर्षांच्या काळात केलं. मार्सेलो आयसेन, कारोलिना मोरालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही मोजणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीला अमांकायवर सर्वांत जास्त दिसायची ती तिथलीच नारिंगी बंबलबी, बॉम्बस डालबोमी. पुढे तिची जागा बॉम्बस रुडरेटस या परक्या जातीने घेतली, आणि तिचीही जागा शेवटी बॉम्बस टेरेस्ट्रिस या दुसऱ्या परक्या जातीने घेतली. फूल तेच राहिलं, पाहुणा मात्र दोनदा बदलला. हे का आणि कसं घडलं, आणि ते कुठे थांबवता आलं असतं, याचा हा अभ्यास.

बंबलबी म्हणजे आपला भुंगा नव्हे

मराठीत बंबलबीला सरसकट भुंगा म्हटलं जातं. त्यामुळे पुढचं वाचताना घोटाळा होऊ शकतो. आपल्याकडे अंगणात येणारा काळा, चकचकीत पाठीचा, बांबूला आणि घराच्या वाशांना गोल भोकं पाडणारा भुंगा ही वेगळी माशी आहे. इंग्रजीत तिला कार्पेंटर बी म्हणतात. कोरडं लाकूड पोखरणारा पण कमळाच्या कळीत अडकून पडणारा जो भ्रमर आपण संतवाणीतून ऐकला, तो हाच. बंबलबी अंगभर दाट केसांची, थंड हवेची माशी आहे. भारतात ती हिमालयात आहे. दख्खनच्या पठारावर किंवा सह्याद्रीत ती नाही. म्हणून मी इथे बंबलबी हाच शब्द वापरते.

बॉम्बस डालबोमी ही जगातल्या सर्वांत मोठ्या बंबलबींपैकी एक. तिची राणी तीन सेंटिमीटरच्या आसपास भरते. पाठीवर तांबूस-नारिंगी केसांचा जाड थर, पाय काळे. इंग्रजीत तिला ‘उडता उंदीर’ असं टोपणनाव मिळालं, स्थानिक लोक मॉस्कार्दोन म्हणतात. चिलीच्या मध्यभागापासून खंडाच्या पार दक्षिण टोकाला, तिएरा देल फुएगोपर्यंत ती पसरलेली होती. इतक्या दक्षिणेला राहणारी दुसरी मूळ बंबलबी जगात नाही, आणि पॅटागोनियाच्या जंगलांत या कुळातली तीच एकटी होती. गेरँ-मेनव्हिल या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८३५ साली तिचं वर्णन केलं. एखाद्या प्रदेशात पाच-दहा जातींच्या बंबलबी असतात तेव्हा एक घटली तर दुसरी थोडंफार सावरून घेते. इथे तशी कोणी शेजारीण नव्हती.

एका राणीवर उभं घर

सातेरी या आपल्याकडच्या पाळीव मधमाशीच्या पेट्या ठेवणाऱ्या मधपाळाला बंबलबीचं घर फार नाजूक वाटेल. सातेरीची वसाहत वर्षानुवर्षं टिकते, राणी गेली तरी कामकरी नवी राणी घडवतात. बंबलबीचा संसार एका मोसमाचा असतो. शरद ऋतूत मीलन झालेली तरुण राणी एकटीच मातीत शिरून हिवाळाभर निपचित पडते. सप्टेंबरच्या सुमारास दक्षिणेत वसंत सुरू झाला की ती बाहेर येते. तेव्हा तिच्या मदतीला कोणी नसतं. मकरंद तिनेच प्यायचा, परागाची ढेप तिनेच आणायची, उंदरांनी सोडलेलं एखादं बीळ शोधून घर तिनेच मांडायचं. परागाच्या ढेपेवर ती अंडी घालते आणि कोंबडीसारखी त्यांच्यावर बसते. पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते आणि त्या उष्णतेने अंडी उबवते.

हीच थरथर तिला थंडीत उडायलाही उपयोगी पडते. उडण्यासाठी तिच्या छातीच्या स्नायूंचं तापमान साधारण ३० अंशांच्या वर लागतं. ते ती स्वतः निर्माण करते, आणि अंगावरच्या लोकरीमुळे ते टिकतं. म्हणून मधमाश्या घर सोडत नाहीत अशा गारठ्यात, पावसाच्या भुरभुरीतही बंबलबी फुलांवर दिसते. पॅटागोनियाच्या लहरी उन्हाळ्यात ही मोठी गोष्ट आहे.

काही आठवड्यांनी पहिल्या कामकरी मुली बाहेर पडतात. मग राणी घरात राहते आणि अंडी घालत राहते. उन्हाळा सरताना नर आणि नव्या राण्या जन्मतात. त्यानंतर जुनी राणी, कामकरी, नर सगळे मरतात. उरतात त्या फक्त मीलन झालेल्या नव्या राण्या. वसंतात एक राणी मेली की एक पूर्ण कुटुंब जन्माआधीच संपतं. या प्रकरणात पुढे जे घडलं त्याचं बरंच उत्तर या गणितात आहे.

दोन आयाती

पहिली आयात साधी वाटते. १९८२-८३ मध्ये चिलीने लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकासाठी न्यूझीलंडहून बॉम्बस रुडरेटस आणली. न्यूझीलंडमध्ये ती मुळातली नव्हतीच. १८८५ साली ब्रिटनहून बंबलबी जहाजाने तिकडे नेल्या होत्या, कारण तिथल्या क्लोव्हरला बी धरत नव्हतं. क्लोव्हरच्या फुलाची नळी खोल असते, तिला लांब जिभेची माशी लागते. ब्रिटनमध्ये पुढे ही जात इतकी घटली की ती आता तिथे दुर्मीळ मानली जाते. चिलीतून तिने दोन्ही देशांमधली अँडीज पर्वतरांग ओलांडली आणि १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात ती अर्जेंटिनाच्या बाजूला दिसू लागली.

दुसऱ्या आयातीमागे टोमॅटो होता. टोमॅटोचं फूल मकरंद देत नाही. त्याचे पुंकेसर एकत्र येऊन सुळक्यासारखे उभे असतात आणि पराग आत कोंडलेला असतो. माशीने फुलाला घट्ट धरून विशिष्ट गतीने अंग थरथरवलं की पराग मिठासारखा खाली सांडतो. मधमाशीला हे जमत नाही. बंबलबीला जमतं. आपल्या वाशातल्या भुंग्यालाही जमतं. नारायणगाव-पिंपळगावच्या उघड्या शेतात वारा आणि रानमाश्या हे काम फुकट करतात, म्हणून आपल्याकडे या प्रश्नाची झळ फारशी पोहोचलेली नाही. बंदिस्त काचघरात मात्र वाराही नाही आणि माशीही नाही. तिथे पूर्वी माणसं हातात कंपन करणारं यंत्र घेऊन फुलन् फूल हलवत फिरायची.

१९८५ च्या सुमारास बेल्जियममधले पशुवैद्य रोलां द योंग यांच्या लक्षात आलं की युरोपातली बॉम्बस टेरेस्ट्रिस हे काम माणसापेक्षा कितीतरी चांगलं करते. १९८७ पासून तिच्या वसाहती पुठ्ठ्याच्या पेटीत भरून विकल्या जाऊ लागल्या. पेटी काचघरात ठेवायची, झाकण उघडायचं, काही आठवड्यांनी नवी पेटी मागवायची. मजुरी वाचली, फळ सुधारलं, आणि माश्या असल्यामुळे शेतकऱ्यांना कीटकनाशकाची फवारणीही कमी करावी लागली. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. टोमॅटोवर पोट असलेल्या कुणीही त्या वेळी हेच केलं असतं.

१९९७-९८ मध्ये चिलीने या पेट्या मागवायला परवानगी दिली. अर्जेंटिनाने आपल्या बाजूला ती नाकारली.

पेटीतल्या वसाहतीचा मोसम संपत आला की तिथेही नव्या राण्या जन्मतात. काचघराला झडपा असतात, दारं असतात, शिवाय पेट्या उघड्यावरच्या पिकांतही ठेवल्या जातात. बाहेर पडलेल्या राण्यांना चिलीत अडवणारं काही नव्हतं. २००६ मध्ये टेरेस्ट्रिस अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात सापडली. त्यानंतर ती वर्षाला सुमारे २०० किलोमीटर वेगाने दक्षिणेकडे सरकली. म्हणजे पुण्याहून निघून एका उन्हाळ्यात नाशिक गाठावं, पुढच्या उन्हाळ्यात तितकंच आणखी पुढे जावं, असा वेग. बाहेरून आणलेल्या कीटकाचा इतका वेगवान प्रसार क्वचितच नोंदला गेला आहे.

परवानगी नाकारणाऱ्या देशाच्या हातात यापुढे काही उरलं नाही. पर्वताच्या एका बाजूच्या कार्यालयातला निर्णय दुसऱ्या बाजूच्या जंगलात अमलात आला. मला हे या प्रकरणाचं सर्वांत महत्त्वाचं अंग वाटतं. जिवंत, उडणाऱ्या, स्वतःहून वाढणाऱ्या वस्तूच्या आयातीचा विचार एका देशापुरता करणं हीच मुळातली चूक होती.

नारिंगी बंबलबी कशाने मागे हटली?

२०१३ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. संशोधकांनी पॅटागोनियाच्या मोठ्या पट्ट्यात फिरून कुठे कोणती बंबलबी आहे ते पाहिलं. आल्यानंतर पाच वर्षांत टेरेस्ट्रिस तिथली सर्वांत विपुल आणि सर्वांत दूरवर पसरलेली बंबलबी झाली होती, आणि ती जसजशी दक्षिणेला सरकली तसतशी डालबोमी मागे हटत गेली. लेखकांनी प्रामाणिकपणे लिहिलं की अंतिम कारण ठामपणे सांगता येत नाही. अन्नाची स्पर्धा आणि रोग यांनी एकमेकांना हातभार लावल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

स्पर्धा समजायला सोपी आहे. टेरेस्ट्रिस जवळपास काहीही खाते. तिची वसाहत मोठी असते, शेकडो कामकऱ्यांची. जीभ आखूड आहे, पण नळीदार फुलात जीभ पोहोचत नसेल तर ती फुलाच्या बुडाला भोक पाडून बाजूनेच मकरंद पिते. पॅटागोनियात लोंबणारी लाल-जांभळी फुशिया हे हमिंगबर्डचं आणि डालबोमीचं फूल. त्यावर टेरेस्ट्रिस अशी चोरी करते. मकरंद जातो आणि परागाला स्पर्शही होत नाही.

तिला मदत करणारे आणखी परके तिथे आधीच होते. युरोपातून आलेलं स्कॉच ब्रूम हे पिवळं झुडूप आणि उत्तर अमेरिकेतून आलेलं ल्युपिन रस्त्यांच्या कडांना माजलेलं आहे. ब्रूमचं फूल उघडायला जड माशी लागते. परक्या झुडपाला परकी माशी मिळाली, माशीला अन्न मिळालं, दोघं एकमेकांना वाढवत गेले. मोरालेस आणि आयसेन यांनी टेरेस्ट्रिस पोहोचण्याआधीच, २००२ मध्ये, परकी झाडं परक्या माश्यांना वाट करून देतात का हा प्रश्न विचारला होता. त्या दोघांनी हा धोका किती आधी ओळखला होता, याची नोंद इथे व्हायला हवी.

रोगाचा भाग मात्र मन विषण्ण करतो. मारिना आर्बेटमन आणि सहकाऱ्यांना २०१३ मध्ये बारिलोचेच्या परिसरातल्या तिन्ही जातींत अॅपिसिस्टिस बॉम्बी हा एकपेशीय परजीवी सापडला. टेरेस्ट्रिस येण्यापूर्वी गोळा करून ठेवलेल्या नमुन्यांत तो नव्हता. हा परजीवी माशीच्या शरीरातल्या चरबीच्या साठ्यावर वाढतो. वसंतात बाहेर पडलेल्या राणीची सगळी मदार याच साठ्यावर असते. बाधित राण्या घर मांडण्याआधीच मरतात, हे युरोपातल्या अभ्यासातून माहीत आहे. फुलावर एकीने सोडलेले बीजाणू दुसरी उचलते. म्हणजे ज्या फुलावर डालबोमीचं पोट, तेच फूल तिला रोग देणारं.

पेट्या रोगमुक्त असतात असं विक्रेते सांगत आले. ब्रिटनमध्ये २०११-१२ मध्ये विकत घेतलेल्या अशाच ४८ वसाहती तपासल्या तेव्हा ७७ टक्क्यांमध्ये परजीवी निघाले. पेटीसोबत खाद्य म्हणून दिलेल्या परागातही ते होते. आपल्याकडच्या जुन्या मधपाळांना हे वाचून १९९१-९२ चा काळ आठवेल. तेव्हा थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर रिकाम्या केल्या होत्या. सातेरी हळूहळू सावरली, कारण वाचलेल्या वसाहतींना फुटून वाढायला वर्षं मिळाली. बंबलबीला ती सवड नसते. तिला दर वसंतात शून्यातून सुरुवात करायची असते.

फेऱ्या वाढल्या, मग बिघडलं काय?

इथे एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळून हे प्रकरण पुरं होत नाही. एका बंबलबीच्या जागी दुसरी आली आणि तीही फुलांवर जातच असेल, तर जंगलाचं नुकसान काय?

२००८ च्या एका अभ्यासात अमांकायवर याची थेट तुलना केली गेली. तेव्हा सामना डालबोमी आणि रुडरेटस यांच्यात होता. एका फेरीत डालबोमी जास्त पराग पोहोचवायची. तिचं अंग मोठं असल्यामुळे फुलाच्या योग्य भागांना ती नीट टेकते. रुडरेटस फेरीमागे कमी पडायची, पण तिच्या फेऱ्या इतक्या जास्त होत्या की एकूण परागणात तिचा वाटा मोठा निघाला. म्हणजे अमांकायला त्या वेळी बी धरत होतं. मूळ माशी गेली की झाड लगेच मरतं, असं सरळ चित्र रंगवणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवायला हवा. मलाही तो पहिल्यांदा वाचला तेव्हा खटकला होता, पण आकडे स्पष्ट आहेत.

टेरेस्ट्रिसच्या वेळी मात्र फेऱ्यांची संख्याच त्रास ठरली. वायव्य पॅटागोनियात रासबेरीची शेती आहे. रासबेरीचं फळ म्हणजे लहान लहान दाण्यांचा गुच्छ, आणि प्रत्येक दाण्यामागे फुलातली एक परागवाहिनी, म्हणजे पराग स्वीकारणारी नाजूक दांडी असते. अगुस्तिन साएस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की तिथे एकेका फुलावर माश्यांच्या प्रचंड फेऱ्या होतात. पराग भरपूर पडतो, पण माश्यांच्या वावराने परागवाहिन्या मोडतात, आणि मोडलेल्या जागी दाणा धरत नाही. जास्त परागकण मिळालेल्या फुलाला कमी दाण्यांचं फळ, असं उलटं गणित तिथे दिसलं. माश्या जास्त म्हणजे पीक जास्त, हे शेतकऱ्याचं साधं समीकरण एका मर्यादेपुढे चुकतं.

तेव्हा नुकसान मोजायचं ते फेऱ्यांवरून मोजता येणार नाही. काही फुलांना नवी माशी चालते, काहींना ती लुटते, काहींना ती घायाळ करते, आणि ब्रूमसारख्या माजलेल्या झुडपाला ती बी देते. जंगलातल्या प्रत्येक जातीचा हिशेब वेगळा आहे, आणि त्यातल्या बहुतेकांचा अजून कुणी मांडलेला नाही. लाखो वर्षांत जमलेलं नातं जाऊन दोन-तीन दशकांत जुळलेली तडजोड आली, असं मी म्हणेन. तडजोड किती दिवस टिकेल हे तिच्यातल्या सर्वांत कच्च्या धाग्यावर ठरतं, आणि इथे सगळे धागे एकाच आयात जातीच्या हातात आहेत.

दुसरे देश काय करतात

जपानने १९९१ पासून टेरेस्ट्रिस आणली. होक्काइडो बेटावर ती रानात पसरल्यावर २००६ मध्ये तिला परक्या आक्रमक जातींच्या कायद्याखाली आणलं. त्यानंतर काचघरांना जाळी आणि परवाना सक्तीचा झाला. ऑस्ट्रेलियाच्या तास्मानियात ती १९९२ मध्ये पोहोचली. मुख्य भूमीवरच्या टोमॅटो उत्पादकांनी तिची मागणी केली, पण सरकारने आयात नाकारली. अमेरिकेने तिला देशात येऊ दिलं नाही आणि आपल्याच पूर्व भागातली बॉम्बस इंपेशन्स जात पेटीत वाढवली. तोही निर्दोष मार्ग नाही, कारण त्याच देशाच्या पश्चिमेला ती जात परकी आहे.

भारतात हिमाचल प्रदेशातल्या नौणी इथल्या डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठात बॉम्बस हिमोरॉइडॅलिस ही हिमालयातली बंबलबी प्रयोगशाळेत वाढवण्याचं काम चालतं. हे काम अवघड आणि सावकाश आहे, पण दिशा योग्य आहे: काचघराला माशी हवी असेल तर ती त्याच डोंगरातली असावी. आणि ज्या डोंगरात बंबलबीच नाही, त्या सह्याद्रीच्या पायथ्याशी पॉलीहाऊस उभं करणाऱ्यांनी बाहेरच्या पेटीचा विचार मनात आणण्याआधी आपल्या वाशातल्या भुंग्याकडे पाहावं.

पॅटागोनियात आता मागे जाण्याचा रस्ता नाही. पसरलेली टेरेस्ट्रिस इतक्या मोठ्या प्रदेशातून कुणी काढू शकत नाही. आयसेन आणि इतरांनी २०१९ मध्ये शेजारी देशांनी आयातीचे निर्णय एकत्र घ्यावेत, ही मागणी या प्रकरणाचा दाखला देऊन मांडली. डालबोमीला २०१६ पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘धोक्यात’ हा दर्जा आहे. चिलीत ‘साल्वेमोस नुएस्त्रो आबेहोर्रो’, म्हणजे ‘आपली बंबलबी वाचवू या’, हा उपक्रम लोकांकडून तिच्या नोंदी मागवतो: फोटो, ठिकाण, तारीख आणि ती कोणत्या फुलावर होती ते. फोटो आला की तपासणारा आधी पाठीकडे पाहतो. पिवळे-काळे पट्टे आणि शेवटी पांढरट टोक असेल तर ती परकी. पाठ सलग नारिंगी असेल, आणि महिना सप्टेंबर किंवा ऑक्टोबरचा असेल, तर ती हिवाळ्यातून जगून आलेली राणी आहे, आणि ती शोधत असलेलं बीळ तिथेच जवळपास कुठेतरी आहे.